उन्हात पळणारा आकडा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण या किश्शात दोन माणसं घर सोडून निघाली होती आणि त्यांना काढणारा मीच होतो.

पिंपळे गुरवात आमचं दुमजली घर आहे. वर बीडकडचं जोडपं भाड्यानं राहतं, बालाजी आणि अर्चना. तिला सातवा महिना. उन्हाळ्याच्या तोंडावर मी अनुदान घेऊन गच्चीवर सोलर बसवलं, तेव्हा बालाजी चहा पिता पिता म्हणाला होता, "काका, ज्याचं छत त्याला अनुदान. भाडेकरूनं काय करायचं? आमचं बिल हाय तेवढंच." मी त्याला देशहितावर बरंच ऐकवलं. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच जरा जास्त ऐकवलं.

मी चाकणला एका कंपनीत तपासणी विभागात आहे. माप एकदा जिथून धरलं तिथूनच रोज धरायचं, ही तिथली सवय. सोलरबरोबर बसलेल्या नव्या मीटरच्या पडद्यावर बरेच आकडे आळीपाळीनं येत-जात. पहिल्या दिवशी त्यातला जो डायरीत लिहिला, तोच मी रोज लिहू लागलो.

आणि तो आकडा पळू लागला.

सेकंड शिफ्ट असली की दुपारपर्यंत मी घरीच. पंखा बंद केला, आकडा अधिक जोरात. कूलर बंद केला, त्याहून जोरात. फ्रिजची पिन काढली, तर विचारूच नका. मी हात आखडता घेतोय हे आतल्या कुणाला तरी कळत होतं जणू. सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत मात्र तो जागचा हलत नसे. भुतं रात्री हिंडतात असं आपण ऐकतो. आमचं ऊन चढलं की उठायचं.

माझं डोकं कुठे गेलं असेल? सरळ वरच्या मजल्यावर. बालाजीचं ते बोलणं आठवलं आणि मी त्याला तोंडावर सांगितलं की तू माझ्या लाइनमधून वायर ओढली आहेस. तो भांडला नाही. म्हणाला, "तुमाला तसं वाटत असंल तर आमी नाही राहत." दुसऱ्याच दिवशी दोघं कुलूप लावून मारुंजीला खोली बघायला गेली.

त्या दुपारी सुनंदा, माझी बायको, कासारवाडीला बहिणीकडे गेलेली. घरात मी एकटा. होती नव्हती ती सगळी बटणं बंद केली. वर जाऊन दाराला कान लावला. आत काहीच नाही. खाली आलो, तर आकडा माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकला.

म्हणजे बालाजी नव्हता. मग कोण?

बाहेर ऊन रणरणत होतं आणि माझ्या मानेवर गार घाम. आता काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी मीटरपुढे हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण आहेस?"

आकडा एकनं वाढला.

"काका, कुणाशी बोलताय?" मागून आवाज आला. सोलर बसवणारा माणूस होता. ही भानगडच नको, पॅनेल उतरवून न्या म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. मी डायरी पुढे केली. त्यानं चार पानं पाहिली, मीटर पाहिला आणि डायरीतल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा तुम्ही वापरलेल्या विजेचा आकडा नाही. सोलरची वापरून उरलेली जी वीज तुम्ही बाहेर दिलीत, तिचा आहे. वापरलेला पुढच्या पडद्यावर येतो. घरात उकडत बसून तुम्ही गल्लीला वीज पुरवताय."

तेवढ्यात फाटक वाजलं. दोघं परत आली होती. खोली मिळाली, उद्या सामान हलवतो, असं बालाजी भिंतीकडे बघून म्हणाला. मी तिथेच माफी मागितली, झालं ते सगळं सांगितलं, हात जोडलेलेसुद्धा. राहा म्हणालो.

अर्चना पायरीवर टेकली आणि डायरी मागून घेतली. एकेक पान उलटत गेली. तारीख, वेळ, आकडा, सगळं लाल रेघांच्या चौकटीत.

"अक्षर लई छान हाय काका तुमचं," ती म्हणाली. मग डायरी मिटून माझ्या हातात दिली. "राहतो आमी. पण लेकराच्या जन्माची वेळ तेवढी तुमी लिहून घेऊ नका."