यूपीएसची पूजा

आदिलाबादच्या कॉम्प्युटर क्लासच्या मालकाचा विषय निघाला की माझं डोकं आजही तापतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बेल्याहून रोज बसनं यायची, हजेरी घ्यायची, फी घ्यायची. शिकवायची माझी फार इच्छा होती. मालकानं हैदराबादहून हार्डडिस्क नसलेली जुनी मशीनं स्वस्तात आणली होती. ती फ्लॉपीवरून चालवायची, त्यासाठी लिनक्सची छोटी सिस्टीम तयार करायची. मालक म्हणाला, "दिवाळीआधी फ्लॉप्या तयार करा, ताई. दुपारची बॅच तुमची."

फ्लॉपी बनवायची स्क्रिप्ट, म्हणजे मशीननं एकामागून एक पाळायच्या हुकमांची यादी, हैदराबादच्या एका सरांनी लिहून दिली होती. आधी फ्लॉपीएवढी एक फाइल करायची, ती खऱ्या डिस्कसारखी उघडायची, तिच्यात सगळं भरायचं, मग ती बंद करून फ्लॉपीवर उतरवायची. अशी फाइल उघडायला मशीनला लूप डिव्हाइस लागतं. खुंटीच समजा. मी काम करायची त्या हार्डडिस्कवाल्या मशीनला अशा आठ खुंट्या होत्या. माझं सामान, म्हणजे लागणारे प्रोग्राम, फ्लॉपीत मावत नव्हतं, स्क्रिप्ट मधेच थांबायची. मी काहीतरी वगळून पुन्हा चालवायची. महिनाभर असंच चाललं आणि खुंट्यांचा विचार करायची वेळही आली नाही.

मग दसऱ्याला यूपीएस आला. मालकाला काय तो आनंद! "आता करंट गेला तरी आपलं मशीन बंद नाई पडत," असं तो येईल त्याला सांगत होता. यूपीएसची, कॉम्प्युटरची पूजा झाली, नारळ फुटला, आणि कुंकवाचं ताट माझ्यासमोर आलं. आम्ही बौद्ध. माझे वडील शाळामास्तर, आमच्या घरी हे काही नव्हतं. "मी नाही लावत," मी म्हटलं. मालकाचं तोंड उतरलं.

दोन-तीन दिवसांनी स्क्रिप्ट अडली. 'मोकळं लूप डिव्हाइस सापडत नाही.' पुन्हा चालवली, पुन्हा तेच. फाइल नवीन केली, फ्लॉपी बदलली, काही फरक नाही. मालक मागं येऊन उभा राहिला.

"पूजेला नाई म्हटलं ना तुमी? आता भोगून राह्यलो आमी."

सगळ्या क्लाससमोर बोलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एररवर बोलला असता तर ऐकून घेतलं असतं. हा माझ्या घरावर बोलत होता. तोंड उघडलं असतं तर नोकरी तिथंच संपली असती.

रागानंच मी मशीनला विचारलं, आत्ता काय काय उघडं आहे. आठ ओळी आल्या. माझ्याच आठ अर्धवट फाइली, आठही खुंट्यांवर लटकलेल्या. स्क्रिप्ट मधेच थांबली की उघडलेली फाइल बंदच करत नव्हती. सर ती ओळ लिहायलाच विसरले होते. मग महिनाभर हे कळलं काऊन नाही? कारण रोज करंट जायचा! मशीन धाडकन बंद पडायचं, आणि चालू केलं की आठही खुंट्या मोकळ्या. यूपीएसनं ते बंद पडणंच थांबवलं होतं. ज्याच्यापुढं नारळ फोडला, त्यानंच अडवलं होतं.

मी आठही फाइली बंद केल्या. स्क्रिप्ट अडली तरी फाइल बंद होईल, अशी ओळ घातली. आणखी थोडं सामान वगळलं. दुपारपर्यंत पहिली फ्लॉपी निघाली. मालकाला सगळं समजावलं. तो म्हणाला, "चला, देवानं ऐकलं." मला किंचाळावंसं वाटलं.

दिवाळीआधी बॅच सुरू झाली. पहिल्या दिवशी मालक दारात ताट घेऊन उभा होता. आत पोरं मशीनांपुढं बसली होती.

"आज तरी लावा, ताई. बॅच तुमची हाय ना?"

"बॅच माझी आहे, मालक," मी म्हटलं. "म्हणूनच सरका."

आवाज चढला होता. सगळ्यांनी ऐकलं. तो सरकला. मी आत गेले, आणि पोरांना सगळ्यात आधी मशीन नीट बंद कसं करायचं ते शिकवलं.