पाचशे केबीतला वाघोबा

सकाळी मोबाईलवर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं पोस्टर आलं. चांगलं आठ एमबीचं. मिशीचा केस न् केस दिसत होता. माझं डोकंच फिरलं आणि डहाणूतलं ते ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आठवलं, लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लास्टिकच्या वासासकट.

जवळच्या कैनाड गावची माझी मावशी वनजमिनीच्या दाव्यासाठी नकाशा घेऊन तिथे आली होती. पाड्यातल्या लोकांनी हाताने काढलेला. त्यात ओहोळ होता, मोहाची झाडं होती आणि शिवेवरचा वाघोबा देवाचा दगड होता. त्या दगडापासूनच तिची जमीन सुरू होते. स्कॅन झाला चार एमबीचा आणि सरकारी साइट पाचशे केबीच्या वर काही घेईना. एका एमबीत हजारावर केबी, म्हणजे नकाशा आठपट आवळायचा! दुकानदार आवळत गेला. आधी झाडांची नावं गेली, मग ओहोळ पुसट झाला.

“आमचा वाघोबा कुठं गेला रे?” मावशीने पडद्याला नाक लावून विचारलं.

“मावशी, तो एमबीत होता. आता केबी झाली,” दुकानदार म्हणाला.

“एवढं मोठं सरकार, आन् त्याला एक कागद जड होतो?”

दावा परत आला. कारण, नकाशा अस्पष्ट. तेव्हा मी दुकानदारावर चिडले होते. आज कळतं, ती मर्यादा त्याने घातली नव्हती.

मावशी दिवाळीच्या तोंडावर दर वाघबारशीला त्या दगडाला शेंदूर लावते. ज्यांना तो दिसला नाही, त्यांनी एकदा कैनाडला यावं.