कोटाचा खिसा

आमच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीत फॅन्सी ड्रेस भाड्याने देणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या तोंडात टाचण्या धरूनच बोलायच्या. इतिहासातले सगळे नेते त्यांनी दोन दांड्यांवर टांगले होते. एकीवर तलवारवाले, दुसरीवर कोटवाले.

"यांच्यात मोठं कोण हो?" मी गमतीने विचारलं.

"डिमांड तलवारवाल्यांना," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "स्टेजवर नुसतं ओरडलं तरी चालतंय. पण ड्रेस फाटूनच परत येतो. कोटवाल्यांना भाषण पाठ करावं लागतं. कोट एकच, चष्मा बदलला की नेता बदलतो."

माझ्या मुलीने कोट घेतला. शाळेच्या स्पर्धेत ऐनवेळी ती भाषण विसरली. घाबरून खिशात हात घातला, तर आधीच्या कुणाची तरी चिठ्ठी निघाली. तिने तीच वाचून टाकली. भाषण दुसऱ्याच नेत्याचं होतं. तिचा दुसरा नंबर आला. पहिला आलेला तलवारवाला नुसता ओरडला होता.

कोट परत करताना मी चिठ्ठी दाखवून हे सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठीची नीट घडी घातली आणि ती पुन्हा खिशात ठेवली.

"राहू दे, पुढच्याला लागेल," त्या म्हणाल्या. "तलवारवाल्यांच्या ड्रेसला खिसाच नसतो."