सातवाहनांचे शेजारी

तेरला राहणारे माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांच्या नजरेला उभ्या जन्मात एकही वस्तू नवी दिसली नाही. तेरणेच्या काठी नांगर घातला की जुनी खापरं वर येतात, हे खरं. पण मामांना फुटक्या कपाचा कानसुद्धा सातवाहनांच्या घरचाच वाटायचा. त्या राजांविषयी ते बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याविषयी बोलावं तसं बोलत. एकदा, आदल्याच दिवाळीत माझ्या हातून फुटलेल्या पणतीचा तुकडा घेऊन धावत आले. "बघ, राणीच्या देवघरातली हाय!" मी म्हटलं, "मामा, काजळी ताजी आहे." "मग? राणी काय अंधारात बसत हुती व्हय?" सारं गाव हसायचं. मामाही हसण्यावारी न्यायचे. पण एखाद्या जाणत्या माणसानं एकदा तरी आपल्या वस्तूला 'ही जुनी' म्हणावं, एवढी एकच आस त्यांना होती.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. जुन्या वस्तूंचे एक जाणकार एसटीनं गावात आले. मामांनी ओसरीवर धुतलेलं धोतर अंथरून सगळी दौलत मांडली. साहेब एकेक खापर उचलत, निरखत आणि हळूच खाली ठेवत. "अलीकडचं आहे." शेवटचा तुकडा खाली ठेवला तेव्हा मामांचा चेहरा इतका उतरला की मलाच रडू फुटायचं बाकी होतं. "ऱ्हाऊ द्या, सायेब," मामा म्हणाले. "पाय धुऊन घ्या, दोन घास खाऊन जावा."

साहेब न्हाणीत गेले आणि तिथूनच ओरडले. आम्हाला वाटलं, विंचू! ते ओल्या पायांनी बाहेर आले, तर हातात आत्याची टाचा घासायची वज्री. भाजक्या मातीची, तिच्या सासूला कधीतरी शेतात सापडलेली. "अहो, ही खरी सातवाहनांची!" मामा रोज सकाळी तिनंच टाचा घासत आणि त्यांना ती नुसती वज्रीच दिसत आली होती.

"म्हंजी त्यांच्याबी टाचा भेगाळत हुत्या म्हणा की," आत्या म्हणाली. मामा इतके हसले, इतके हसले की डोळे पुसायला धोतराचा सोगा पुरेना. साहेबांनी ती संग्रहालयासाठी मागितली. "मालकिणीला इचारा," मामा ऐटीत म्हणाले. आत्यानं ती देऊन टाकली आणि मामांनी बाजारातून नवी आणली. दोन दिवसांत तीही त्यांना जुनी वाटू लागली, ते सोडा.

आता दोघंही नाहीत. परवा ती वज्री काचेच्या कपाटात पाहिली. लोक मातीचा गोळा समजून पुढे जात होते. मला मात्र न्हाणीतून मामांची हाक ऐकू आली, "अगं, वज्री कुठं ठिवलीस?" आणि मी भर दालनात मोठ्यानं म्हणालो, "मामा, इथं हाय."