शपथेवर सांगतो, आठवत नाही

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या पापाकुरा उपनगरातून सकाळी सुटणाऱ्या ट्रेनमध्ये मी एका अनोळखी बाईंना भर डब्यात खोटारडं ठरवलं. मुद्दाम नव्हे. माझ्या कानात इअरफोन होते आणि इअरफोनमध्ये अमेरिका होती. समोरच्या बाईंना तिकीट तपासनीस विचारत होता, कार्ड टॅग केलंत ना? त्या म्हणाल्या, हो, केलं की. त्याच क्षणी वॉशिंग्टनमधला एक साक्षीदार माझ्या कानात काहीतरी बोलला आणि मी त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत ओरडलो, "दॅट्स अ लाय!"

तपासनिसाने बिचाऱ्या बाईंचं कार्ड पुन्हा यंत्राला लावलं. हिरवा दिवा. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने फोन पुढे केला, म्हटलं, तुम्ही नाही, हा, हा माणूस. बाईंनी फोनमध्ये वाकून बघितलं, "ओह, देम," म्हणाल्या, आणि मग खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं, "यू ओके, लव्ह?" मी मधल्याच मनुरेवा स्टेशनवर उतरलो आणि मागच्या ट्रेनने गेलो. माझं ऑफिस शहरात, पार शेवटच्या स्टेशनाला. त्या दिवशी उशीर झाल्याचं कारण साहेबांना काय सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

हा २०१८चा हिवाळा. त्यांची कालची दुपार म्हणजे आमची आजची सकाळ, त्यामुळे वॉशिंग्टनची सुनावणी मला नाश्त्याला गरम गरम मिळायची. माझा तिथे काय संबंध? काही नाही. मत नाही, घर नाही, नातेवाईक म्हणावा तर न्यू जर्सीतला एक चुलतभाऊ, तो मला दिवाळीला फॉरवर्ड केलेली पणती पाठवतो. तरी मी रोज चिडत होतो, नेमाने, जसे इतर लोक रोज चालायला जातात.

प्रकरण तसं साधं होतं. एका बड्या अधिकाऱ्याच्या खात्यातून त्याच्या मेहुण्याच्या कंपनीला कंत्राट गेलं होतं. ते जाण्याच्या आदल्या आठवड्यात हे दोघे एकत्र जेवायला बसले होते की नव्हते, एवढाच प्रश्न. आणि हा गृहस्थ हात वर करून, शपथ घेऊन, सरळ चेहऱ्याने सांगत होता, "आय डोन्ट रिकॉल." आठवत नाही.

"मेहुण्याबरोबरचं जेवण माणूस विसरतो?" मी टोस्ट हातात घेऊन टीव्हीला विचारलं. "मी सोळा वर्षं विसरायचा प्रयत्न करतोय. एक जेवण विसरता आलेलं नाही!"

"माझा भाऊ आहे तो," बायको ओट्यापाशी डबे भरता भरता म्हणाली.

प्रत्येक सिनेटरला पाच मिनिटं मिळायची. त्यातली साडेचार तो आपल्या राज्यातल्या कष्टाळू जनतेबद्दल बोलायचा आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात प्रश्न संपायचाच नाही. एक पांढऱ्या केसांचे सिनेटर होते. दुसऱ्या पक्षाचं राज्य असताना याच समितीत टेबल बडवून ते म्हणाले होते की ज्याला आठवत नाही तो लपवतोय. आता त्यांच्या पक्षाचं राज्य आलं, तर म्हणत होते, मानवी स्मरणशक्ती फार नाजूक गोष्ट आहे. वाहिन्यांनी दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या. एकीत केस काळे, एकीत पांढरे, टेबल तेच. त्यांना काडीची लाज वाटली नाही. मला वाटली. कुणाला तरी वाटायला हवी होती, आणि त्या वेळी मी रिकामा होतो.

सुनावणी परवडली, पण नंतरची चर्चा नको. पडद्यावर आठ चौकोन, आठ माणसं, सगळी एकदम बोलणार. एक बाई देहबोलीच्या तज्ज्ञ होत्या. साक्षीदाराने पाण्याचा घोट डाव्या हाताने घेतला, यावर त्या पुढची जाहिरात येईपर्यंत बोलल्या. खाली लाल पट्टीत ब्रेकिंग न्यूज. तीच बातमी तीन आठवडे ब्रेक होत होती. कंत्राट कशाचं होतं, ते काम झालं का, हे मात्र एकाही चौकोनाने सांगितलं नाही. मला आजही माहीत नाही. एवढं सगळं पाहून!

आमची मुलगी तेव्हा बारा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. फ्रिजवर आमचा एक पांढरा फळा आहे, दूध, कोथिंबीर, बल्ब असं लिहायला. त्याच्या कोपऱ्यात तिने साक्षीदाराच्या "आठवत नाही"साठी उभ्या रेघा मारायला सुरुवात केली, चार उभ्या आणि पाचवी आडवी. शाळेत जाताना मला आकडा सांगायची, "थर्टी एट, बाबा."

एकदा तिने विचारलं, तो सरळ नाही का म्हणत नाही? मी समजावलं की शपथेवर "नाही" म्हटलं आणि ते खोटं निघालं, तर तुरुंगात जावं लागतं. ती जरा वेळ दूध ढवळत बसली. मग म्हणाली, "सो इट्स द सेफ लाय." सुरक्षित थाप. मी हे वाक्य आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. माझी मुलगी म्हणून.

त्याच आठवड्यात घरात दुसरं प्रकरण चालू होतं. ते टीव्हीवर नव्हतं, म्हणून मला ते प्रकरण वाटलंच नाही.

इथे मुलं तेराव्या वर्षी नववीत, म्हणजे हायस्कुलात, जातात, आणि पुढच्या वर्षी मुलगी नववीत जाणार होती. इथे चांगल्या सरकारी शाळांना झोन असतो. ठरावीक गल्ल्यांत राहणाऱ्या मुलांना हक्काने प्रवेश, बाकीच्यांची नावं चिठ्ठ्यांत. आम्हाला हवी ती शाळा शहराच्या बाजूला होती आणि आमचं घर तिच्या झोनपासून इतकं लांब, की नकाशावर दोन्ही एकदम दिसत नसत. मुलगी व्हायोलिन वाजवायची. त्या शाळेचा ऑर्केस्ट्रा मोठा, आणि तिची जिवलग मैत्रीण तिथे जाणार हे ठरलेलं. दोघींनी कुणी कुठे बसायचं तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. आमच्या जवळच्या शाळेत ऑर्केस्ट्रा नव्हता. युकुलेलेचा, म्हणजे चिमुकल्या गिटारींचा, गट होता.

माझा एक पुण्यापासूनचा मित्र त्या झोनमध्ये दोन खोल्यांच्या युनिटमध्ये राहतो. तो म्हणाला, "लेका, माझा पत्ता घाल. भाडेकरारात तुझं नाव टाकतो. सगळे करतात."

"खोटं आहे रे ते."

"खोटं कसलं? उद्या ये राहायला. गादी टाकतो. झालं खरं!"

मला हे पटलं. का पटलं, ते सांगता येणार नाही, पण सिनेटर लोकांना कसं पटत असेल याची थोडी कल्पना आली. बायकोने तिच्या सुबक अक्षरात फॉर्म भरला. सोबत एक प्रतिज्ञापत्र होतं, आम्ही याच पत्त्यावर राहतो अशा अर्थाचं. ते जे.पी.समोर सही करून द्यायचं. जे.पी. म्हणजे आपल्याकडच्या नोटरीसारखा माणूस, पण गावातलाच कुणी निवृत्त, भला, आणि फुकट.

माझी खरी चूक इथे झाली. ऑकलंडमध्ये जिथे तिथे जे.पी. बसतात. कुठेही जाता आलं असतं. पण शनिवारी पापाकुराच्या लायब्ररीत जे.पी. असतात, लायब्ररी घरापासून पाच मिनिटांवर, आणि फुकट हा शब्द कानावर पडला की माझं डोकं बंद होतं. आपण पापाकुरात राहत नाही हे शपथेवर सांगायला मी पापाकुरात गेलो. मुलीला पुस्तकं परत करायची होती, म्हणून तीही आली. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं की शाळेचं पेपरवर्क आहे. तिने काही विचारलं नव्हतं, आणि मला वाटलं, तिला कळलं नाही.

कोपऱ्यातल्या टेबलापाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. शनिवार असून टाय. मी समोर बसलो, "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, झालं, फॉर्म पुढे सरकवला, आणि मग त्यांचा चेहरा ओळखला. रोज सकाळी छोटं पांढरं कुत्रं घेऊन आमच्या घरावरून जाणारे तेच. आमच्या कुंपणाबाहेरच्या गवताच्या पट्टीत मी कोथिंबीर लावली होती. एकदा त्यांनी थोडी नेऊ का म्हणून विचारलं, मी म्हटलं हवी तेवढी, दुसऱ्या दिवशी आमच्या लेटरबॉक्सवर चार लिंबं. नाव मला त्यांचं ठाऊक नव्हतं, त्यांना माझं नव्हतं. पत्ता मात्र ठाऊक होता.

त्यांनी चष्मा लावला आणि पत्ता सावकाश, बोट ठेवून वाचला. नंबर. रस्ता. उपनगर. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अरे, तुम्ही घर बदललंत?" खरोखर वाईट वाटल्यासारखं त्यांनी इंग्रजीत विचारलं. "कधी?"

माझ्या डोक्यात निदान चार उत्तरं होती. गादीचं होतं, भाडेकराराचं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "आय डोन्ट रिकॉल."

माझ्या शेजारी उभी राहून मुलगी पुस्तक चाळत होती. तिने मान वर केली नाही. पान उलटलं आणि हळूच म्हणाली, "थर्टी नाइन."

म्हाताऱ्यांना यातलं काही कळलं नसणार. ते म्हणाले, "हे बघा, खरं-खोटं ठरवायचं काम माझं नाही. तुम्ही सही करताना मी फक्त बघायचं. पण त्याआधी एकदा वाचून दाखवावं लागतं." आणि त्यांनी वाचलं, की मी गांभीर्याने आणि मनापासून जाहीर करतो, वगैरे. मनापासून या शब्दावर त्यांचा आवाज जरा अडखळला, की मला तसं वाटलं, देव जाणे. पेनाचं टोपण काढून त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं. "घाई नाही. एक वाजेपर्यंत आहे मी."

मी पेन उचललं. खाली ठेवलं. म्हटलं, एक कागद घरी राहिलाय, घेऊन येतो. म्हणजे दोन मिनिटांत दुसरी थाप.

"स्वीट ऍज," म्हणजे काही हरकत नाही, असं ते म्हणाले, फॉर्मची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि पेनाला टोपण लावलं.

गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "सो आय'म नॉट गोइंग."

"चिठ्ठ्यांमध्ये नाव टाकू ना आपण. नशीब असेल तर..."

"बॅलट," तिने माझा शब्द सुधारला, आणि खिडकीकडे तोंड केलं. घर येईपर्यंत तिचे खांदे हलत होते. थर्टी नाइन म्हणणारी तीच आणि रडणारीही तीच. मला वाटलं, हिला काय हवं होतं नेमकं? मग लक्षात आलं, तिला दोन्ही हवं होतं. शाळाही, आणि बापही. ते तिला एकदम मिळण्याची व्यवस्था मी केली नव्हती.

घरी आल्यावर बायकोने दार उघडलं. फॉर्म माझ्या हातात जसाच्या तसा होता, तो तिने बघितला आणि मुलीच्या खोलीत गेली.

चिठ्ठ्यांमध्ये नाव निघालं नाही. निघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, तरी निकालाच्या दिवशी मी ईमेल सात वेळा उघडली.

महिन्याभराने मित्र पेढे घेऊन आला. म्हटलं, कशाचे? तर म्हणाला, "अरे, तुझ्यासाठी ठेवलेला पत्ता वाया कशाला घालवायचा? आमच्या ऑफिसातल्या एकाला दिला. त्याच्या मुलाला मिळाली ॲडमिशन!" मी पेढा खाल्ला. चांगला होता. त्यानेच जास्त चीड आली.

आणि अमेरिका? समितीचा जाडजूड अहवाल आला. एका पक्षाने तो वाचून काही झालंच नाही म्हटलं, दुसऱ्याने तो न वाचताच सगळं झालं म्हटलं. अधिकाऱ्याने कुटुंबाला वेळ द्यायचा म्हणून राजीनामा दिला. पुढच्या वर्षी, मुलगी जवळच्या शाळेत जायला लागली होती तेव्हाची गोष्ट, मी सकाळी टीव्ही लावला तर तोच गृहस्थ वाहिनीवर आठव्या चौकोनात बसलेला. तज्ज्ञ म्हणून! विषय होता, सरकारी कंत्राटांमधली पारदर्शकता. आणि आता त्याला सगळं आठवत होतं. कोण कुठे बसलं होतं, कुणी काय मागवलं होतं, तारखांसकट.

मी चहाचा कप आपटला. म्हटलं, बघ, बघ हे. शपथेवर थापा मारणाऱ्याला खुर्ची मिळते, थापेबाज पत्त्यावर पेढे मिळतात, आणि आपली पोर आतल्या खोलीत युकुलेलेच्या चार तारा छेडत बसलीय. तेही बेसूर. या जगात सरळ माणसाने करायचं काय? पण एक आहे, मी सही केली नाही. काहीही म्हण, तेवढं तरी माझ्या नावावर आहे.

बायको मुलीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तिने कॉलर उलटवली, त्यावरून इस्त्री फिरवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फार मोठेपणा घेऊ नकोस. म्हातारा ओळखीचा निघाला म्हणून तुझा हात थांबला. अनोळखी असता तर तू सही करून आला असतास, आणि मी शिरा केला असता."