मस्कतवाल्या चाचांच्या दोन खुर्च्या

मस्कतवाले चाचा स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत नसत. कुणी चुकून म्हटलंच तर हात काढून घेत आणि सांगत, "डॉक्टर तिकडे दवाखान्यात. मी नुसता हात." मस्कतला एका कायरोप्रॅक्टरकडे त्यांनी अठरा वर्षं काढली होती. मणके आणि सांधे हातांनी सैल करायची विद्या तिथेच शिकून ते भाट्याच्या खाडीपलीकडच्या आपल्या घरी परतले होते. एक्स-रे पाहिल्याशिवाय मात्र ते कुणाच्या अंगाला बोट लावत नसत.

दोन हजार एक साली, आंब्याच्या हंगामात, मी माझ्या बायकोला, सुनीताला, त्यांच्याकडे नेलं. हातखंब्याजवळ आमची गाडी रस्त्याकडेच्या गडग्यावर, जांभ्या दगडाच्या कुंपणावर, आपटली होती. हाड मोडलं नव्हतं, पण दीड महिना झाला तरी तिचा जबडा उघडत नव्हता. खाणं म्हणजे पेज, नाहीतर मऊ भात. बोलणं दातांतल्या दातांत.

सगळ्यांना मी सांगितलं होतं की बैल आडवा आला आणि सुनीता झोपेत होती. पावस गावचे माझे सासरे तर गावभर सांगत सुटले, "जावयाने बैलही वाचवला आणि माझी लेकही." ते ऐकताना मी खाली बघायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

"पावसची लेक म्हणजे आमचीच," म्हणत चाचांनी तिला 'बाय' केलं आणि मला 'जावई'. मग पडवीतल्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. धक्का बसला तेव्हा माणूस कसा बसला होता, हे बघितल्याशिवाय ते सुरुवातच करत नसत.

"उजवीकडे तुम्ही, डावीकडे बाय. स्टिअरिंग धरा, जावई. लाजू नका, इथे पोलीस नाय."

मी हवेत स्टिअरिंग धरलं.

"आता बाय, गाडी आपटली तेव्हा डोकं कुठे होतं?"

"झोपली होती ती," मी म्हणालो.

सुनीताने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग निमूटपणे डोळे मिटले आणि डोकं डावीकडे, नसलेल्या काचेवर टेकवलं. चाचांनी तिच्या मानेवर बोटं ठेवली. "बरं. मग इथून सुरू करू."

दुखणं तिचं होतं, खोटं माझं होतं, आणि ते सांभाळायला ती चुकीच्या बाजूने उपचार करून घ्यायला तयार होती.

"नाही चाचा," मी म्हणालो. "ती जागी होती. बैल नव्हताच. आम्ही भांडत होतो. ती 'हळू चालवा' म्हणत होती, आणि मी रस्ता सोडून तिच्यावर ओरडायला वळलो. तिचं तोंड माझ्याकडे होतं."

मला वाटलं, आता मला ऐकवतील. त्यांनी फक्त तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून माझ्याकडे वळवला. "म्हणजे असा. मग बाजू बदलली." आणि ते कामाला लागले. गरम ओला पंचा, अंगठ्याचा हलका दाब, आणि सारखं एकच सांगणं, "श्वास सोड, बाय. दातावर दात नको."

त्याच आठवड्यात पावसला जाऊन मी सासऱ्यांना खरं सांगितलं. ते आंब्याच्या पेट्या भरत होते. हातातल्या पेटीत पेंढा पसरून झाल्यावर म्हणाले, "यापुढे गाडी सुनीता चालवेल." ती थट्टा नव्हती.

जबडा मोकळा व्हायला पावसाळा उजाडला. त्यात हाताचा वाटा किती आणि दिवसांचा किती, हे चाचाही सांगत नसत. दिवाळीत सुनीताने चकल्या कुडुमकुडुम खाल्ल्या आणि दिवाळी झाल्यावर लायसन्स काढलं.

काही वर्षांनी चाचा मुलाकडे मुंब्र्याला राहायला निघाले. सुनीतानेच त्यांना स्टेशनवर नेलं. चाचा पुढे, मी मागे त्यांच्या बोचक्यांत. ती वाटभर बोलत होती.

"बाय, तोंड चालू दे, पण मान समोर!" चाचा म्हणाले. ती खळखळून हसली.

प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही ओळखलं होतं ना चाचा, मी खोटं बोलतोय ते?" इतकी वर्षं मी तसंच धरून चाललो होतो. पकडला गेलो म्हणूनच बोललो, असं.

"नाय हो, जावई. हाताला काय कळणार? तुम्ही गप्प बसला असता, तर मी डावीकडूनच केलं असतं."

त्यांची गाडी गेली. बाहेर सुनीता हॉर्न वाजवत होती, तरी मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.