हिचं पान सापडत नाही

रिटायर झाल्यावर नाहूरच्या भाऊरावांना कुणीतरी सांगितलं, डोकं चालू ठेवा. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की अख्खं घर कॉम्प्युटरमध्ये घातलं. मिक्सरचं एक पान, दह्याचं एक, गॅसचं एक. एका पानातल्या निळ्या शब्दावर टिचकी मारली की दुसरं पान हजर. याला विकी म्हणतात म्हणे. नंदाबाई म्हणायच्या, "पानं मांडून बसलेत, वाढायचं कुणी?"

तिकडे अकोल्याला लेक शीतल दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. नंदाबाईंची बॅग भरलेली, उद्याचं तिकीट हातात, पण पाय निघेना. लग्न झाल्यापासून हा माणूस कधी एकटा राहिलाय?

"अगं, निवांत जा तू. सगळं लिहिलंय!" भाऊराव म्हणाले. पवईला नोकरी करणाऱ्या प्रितमला, म्हणजे मुलाला, फोनवर छळून छळून त्यांनी ती पानं एचटीएमएल, म्हणजे कुठेही उघडणारी साधी वेबपानं, करून मोबाईलमध्ये आणली होती. "ओट्यापाशी उभा राहून वाचेन."

"मग आज दही लावून दाखवा. नाही जमलं तर मी तिकीट रद्द करते."

भाऊरावांनी ऐटीत दह्याचं पान उघडलं. 'विरजण किती ते हिला विचारणे.' 'हिला' निळं होतं. बोट ठेवलं. पान सापडत नाही. मिक्सर उघडला. 'वॉशर शीतलच्या आईने ठेवलाय.' बोट ठेवलं. पान सापडत नाही. गॅस उघडला. 'पुस्तक नंदाकडे.' हे मात्र उघडलं. वर नाव, खाली पांढरं फटक.

"कॉम्प्युटरवर तर झकास चालत होतं!" त्यांनी स्पीकर चालू करून प्रितमला फोन लावला.

प्रितम हसून हसून बेजार. "बाबा, ही, शीतलची आई आणि नंदा ही एकच बाई आहे, हे जुन्या प्रोग्रामला तुम्ही शिकवलं होतं. या नव्या पानांना काय माहीत? ती तीन बायका शोधतायत."

"एकीचं धड होईना, आणि तीन?" नंदाबाई म्हणाल्या.

"ते सोड गं. प्रितम, नंदाचं पान कोरं का येतंय? काय बिघडलं?"

"काही बिघडलं नाही. तुम्ही तिथं काही लिहिलंच नाहीये."

भाऊराव मोबाईलकडे बघत राहिले. घरातले सगळे निळे शब्द त्या पानाकडे धावत होते, आणि पान रिकामं. "लिहायचं डोक्यातच आलं नाही," ते पुटपुटले. "तू असायचीसच ना."

नंदाबाईंनी स्टूल ओढलं. "घ्या लिहायला. दूध कोमट. विरजण चमचाभर. आणि झाकण उघडून सारखं बघायचं नाही."

भाऊराव एका बोटाने टाईप करत बसले. मग एकेका पानात जाऊन 'ही' आणि 'शीतलची आई' खोडून 'नंदा' केलं. दही सकाळी लागलं, जरा आंबट. नंदाबाईंनी चाटून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि तिकीट पर्समध्ये टाकलं.

दारात चपला घालताना त्यांनी विचारलं, "चहापत्ती कुठंय?"

भाऊरावांचा हात खिशाकडे गेला.

"मोबाईल नको."

भाऊरावांनी छातीठोकपणे फळीवरचा उजवीकडचा डबा दाखवला. त्यात धणे होते. नंदाबाई खळखळून हसल्या, आणि तरी निघाल्या.